बालाघाटाच्या पोटातला नकाशा

बीड शहर नकाशाच्या चार पत्रकांच्या कोपऱ्यावर वसले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटांवर एकोणिसावे अक्षांश शहराला उत्तरेकडून खेटून जाते आणि 75 अंश 45 मिनिटांचे रेखांश पश्चिमेकडून. या दोन रेषा जिथे छेदतात तिथेच चार पत्रकांच्या कडा एकत्र येतात. त्यामुळे गावाचा गाभा 47 एन/13 या पत्रकाच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो आणि आसपासची शिवारे शेजारच्या तीन पत्रकांवर पांगतात. डोंगरातून निघालेली बिंदुसरा, शहरातले तिचे पात्र आणि पुढे सिंदफणेशी होणारा तिचा संगम, हे सारे एका नजरेत पाहायचे तर कागद कागदाला जोडून धरावे लागतात. यात कोणाचा दोष नाही; पृथ्वीवर अंशांची जाळी टाकली की तिच्या गाठी कुठे तरी पडणारच. पण त्या जाळीत बीडच्या डोंगराचे काय काय सापडले आणि काय निसटले, हा प्रश्न योगायोगावर सोडून देण्यासारखा नाही. माझे म्हणणे असे आहे, की बालाघाटाची मोजणी दोन वेगळ्या रीतींनी झाली. एक झाली जमिनीच्या पोटातून, पाण्याच्या उताराने. दुसरी झाली माथ्यावरून, दुर्बिणीच्या नजरेने. दुसरी छापली गेली म्हणून तिलाच आपण नकाशा म्हणू लागलो, आणि पहिली मोजणी विसरल्याची किंमत हा जिल्हा अजून भरतो आहे.

बालाघाट हे नावच मुळी दूरवर उभे राहून मुलूख पाहणाऱ्याच्या तोंडचे आहे. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा आणि 'पाईन' म्हणजे खालचा. 1630च्या दशकात शाहजहानने दख्खनच्या मुलखाची कारभारासाठी बालाघाट आणि पाईनघाट अशी वाटणी केली तेव्हा दौलताबाद, अहमदनगर, जालना यांच्याबरोबर बीडही बालाघाटात मोडले. ही वाटणी झाली ती भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ. 1631च्या आरंभी आझमखानाच्या मोगली फौजेने धारूरचा किल्ला घेतला तेव्हा दख्खनमध्ये अन्नान्नदशा चालू होती. इथला माणूस मात्र आपला मुलूख वेगळ्या शब्दांत सांगतो. गोदावरीकाठची काळी सपाट जमीन ती गंगथडी, आणि मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढून गेले की 'घाटावर'. घाटावरचा हा टापू वाळवंट नाही, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला उंच, उघडा, बरड मुलूख आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही कधी पंधरवड्यात कोसळून मोकळा होणारा. पाटोदा तालुक्यातल्या माथ्यावर उभे राहिले तर पाणी कसे फुटते ते समजते. सिंदफणा उत्तरेकडे उतरते आणि वळून मंजरथला गोदावरीला मिळते. मांजरा सव्वाआठशे मीटरांच्या उंचीवर उगम पावते, जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पूर्वेकडे जाते आणि शेकडो किलोमीटर फिरून शेवटी गोदावरीतच जाते. आष्टीकडचे पाणी सीनेला, तिथून भीमेला आणि पुढे कृष्णेला. पाऊस थोडा आणि तोही तीन वाटांनी निघून जाणारा. अशा ठिकाणी उंची किती हा दुय्यम प्रश्न असतो. पडलेला थेंब कोणत्या अंगाला उतरतो, हा पहिला.

डोंगर म्हटले की खाण शोधायची, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड. बीड पुढे ज्यात गेले त्या हैदराबादच्या निजामाच्या राज्यात रायचूरकडे हट्टीला सोने होते, तेलंगणात सिंगरेणीला कोळसा सापडला आणि 1889 पासून तो काढलाही जाऊ लागला. तिथल्या जमिनीखाली काय आहे याचे नकाशे थरावर थर देत बारकाईने तयार झाले, कारण त्यात पैसा होता. बालाघाटाच्या वाट्याला आला तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. सोने नाही, कोळसा नाही, लोखंडही नाही. म्हणून भूगर्भाचा नकाशा काढणाऱ्याला हा सगळा मुलूख एकाच रंगाने रंगवून मोकळे होता आले. तरीही या डोंगराला खाणींचा इतिहास आहे, असे मी म्हणेन. 'खाण' आणि 'खणणे' हे एकाच घरचे शब्द आहेत, आणि बालाघाटात माणसाने शतकानुशतके जे खणून काढले ते पाणी होते. बीड या नावाच्या ज्या व्युत्पत्ती सांगतात त्यासुद्धा याच दिशेने बोट दाखवतात. एक म्हणते, अरबीतल्या 'बिर' म्हणजे विहीर या शब्दावरून 'भीर' आणि त्याचे बीड. दुसरी म्हणते, बालाघाटाच्या पायथ्याशी बिळात बसल्यासारखे गाव, म्हणून बीड. दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत आणि दोन्हींत जमिनीतले भोकच आहे.

या खाणकामाचा सर्वांत मोठा पुरावा शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरांवर आहे. खजाना बावडी हिजरी 991 मध्ये, म्हणजे इ.स. 1583 मध्ये बांधली गेली. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्याने ती बांधवली आणि स्थपती होता राजा भास्कर. सरकारी खजिना विहिरीत घातला म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. विहीर घेराने मोठी आणि त्या मानाने उथळ आहे. एवढ्या उथळ विहिरीचा दबदबा कसा, असे पाहणाऱ्याला वाटते. त्याचे उत्तर तिच्या भिंतीतल्या कमानींत आहे. डोंगराच्या अंगाने जमिनीखालून आलेले बोगदे विहिरीत पाणी आणतात आणि एक बोगदा ते पाणी शहराच्या दिशेने, बलगुजार नावाच्या शिवाराकडे घेऊन जातो. मोट नाही, रहाट नाही, आज पंपही लागत नाही. पाणी खाली उतरत जाते आणि पुढे आपोआप जमिनीच्या पातळीला येते.

हे 'आपोआप' नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळी विद्या त्यातच आहे. जमीन डोंगराकडून शहराकडे उतरते. तिच्या पोटातून बोगदा काढायचा तर त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवावा लागतो. असे केले तरच वरच्या अंगाला जमिनीखाली असलेले पाणी खालच्या अंगाला उजेडात येते. उतार जरा जास्त झाला तर बोगदा जमिनीखालीच राहतो, पाणी शेताच्या पायाखालून निघून जाते आणि वेगाने तळही खरवडते. उतार जरा कमी पडला तर पाणी थबकते, गाळ बसतो आणि काही वर्षांत मार्ग बुजतो. मध्येच कठीण पाषाण लागला तर वळसा घ्यायचा, पण पातळी सोडायची नाही. खोदणाऱ्याला श्वास मिळावा, माती वर काढता यावी आणि पुढे गाळ उपसता यावा म्हणून अशा नहरींना ठरावीक अंतरावर वर उघडणारे उसासे ठेवतात. प्रत्येक उसाशाची खोली म्हणजे त्या ठिकाणी जमीन आणि पाणी यांच्यातले अंतर. हे अंतर आधी ठाऊक असल्याशिवाय पहिली पहारसुद्धा मारता येत नाही. गवंड्याच्या पिशवीत आजही असलेला ओळंबा आणि पाणसळ ही या शास्त्राची नातवंडे आहेत. आणि सर्वांत जुने पाणसळ म्हणजे स्थिर राहिलेले पाणीच.

इथे कोणी म्हणेल, ही उत्तम स्थापत्यविद्या आहे, पण तिला नकाशा कसे म्हणायचे? कागद नाही, प्रमाण नाही, खुणांची सूची नाही. आक्षेप वजनदार आहे. नकाशाचा खरा गुण हा, की तो काढणाऱ्यापासून सुटा होतो आणि दुसऱ्याच्या हाती जातो. राजा भास्कराचे ज्ञान त्याच्या बोगद्यातच राहिले. त्यावरून शेजारच्या खोऱ्यात दुसरी नहर काढता येत नाही. हे मी मान्य करतो, आणि पुढे मला जे म्हणायचे आहे त्याचा अर्धा भाग यातच आहे. पण स्थलदर्शक मोजणी म्हणजे काय, तर दोन ठिकाणांमधला उंचीचा फरक अंतराच्या हिशेबात बसवणे. ती खजाना बावडीच्या बांधणीत झालेली आहे, आणि इतक्या बारकाईने झालेली आहे, की सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी पाणी तिची साक्ष देते. शिवाय हा एकट्या बीडचा प्रकार नव्हता. अहमदनगरच्या खापरी नळांपासून औरंगाबादच्या मलिक अंबराच्या नहरीपर्यंत निजामशाहीच्या मुलखात ही विद्या पसरलेली होती. ती हातातून हातात, कारागिराकडून कारागिराकडे जात होती. ती नोंदली गेली नाही, म्हणून ती नव्हती असे होत नाही.

दुसरी मोजणी आली ती वेगळ्याच गरजेतून. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि त्याच साली बीड भागात धर्माजी प्रतापराव निजामाच्या सत्तेविरुद्ध उठला. इंग्रज अधिकारी सदरलँड आणि निजामाचे रिसाले धाडून त्याला देवडी गावात पकडण्यात आले. घाटाघाटांतून हालचाल करणाऱ्या माणसाचा पाठलाग करायचा तर कोणता घाट कोणत्या गावात उतरतो हे ठाऊक हवे. निजामाच्या मुलखाची सविस्तर मोजणी 1816 मध्येच जेम्स गार्लिंगच्या हाताखाली सुरू झाली होती. चार वर्षांत तो वारला आणि काम दुसऱ्यांकडे गेले. या मोजणीचा कणा होता विल्यम लॅम्ब्टनची त्रिकोणमितीय साखळी. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली आणि दक्षिणोत्तर त्रिकोण रचत 1815 मध्ये तो बिदरपाशी पोचला. तिथे पुन्हा एक पायारेषा मोजून त्याने आधीचा हिशेब पडताळला. बिदरच्या त्या टोकापासून पश्चिमेला मुंबईकडे अठराव्या अक्षांशाच्या आसपास एक आडवी साखळी टाकायचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. जानेवारी 1823 मध्ये लॅम्ब्टन वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला, एव्हरेस्टला मुख्य कामावर परतावे लागले आणि ही साखळी पुढे इतरांनी पुरी केली. बालाघाटाच्या दक्षिण अंगाचा मुलूख अशा रीतीने जगाच्या गणितात बसला.

त्या कामाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट टेकडीच्या माथ्यावर चढवायचे, समोरच्या माथ्यावरची निशाणी दिसावी म्हणून आडवी आलेली झाडे तोडायची, हवा स्वच्छ होण्याची दिवसेंदिवस वाट पाहायची, तोच कोन पुन्हा पुन्हा मोजायचा. तापाने माणसे मरत होती. ज्यांनी यंत्र खांद्यावर वाहिले त्यांची नावे अहवालांत फारशी नाहीत. या मंडळींनी मागे ठेवलेली खूण म्हणजे दगडात कोरलेले एक वर्तुळ आणि मध्ये बिंदू. खजाना बावडीतली कमान आणि डोंगरमाथ्यावरचा हा बिंदू मनात शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही दगडातच कोरलेले, दोन्ही अचूक. एक सांगतो, पाणी इथून इकडे जाते. दुसरा सांगतो, पृथ्वीच्या पाठीवर ही जागा नेमकी इथे आहे. दुसऱ्याला पाण्याशी कर्तव्य नव्हते. त्याला तोफखाना कुठून चढेल, छावणीला रस्ता कुठून येईल, सरहद्द कुठे पडते हे हवे होते. निजामाच्या घोडदळाची छावणी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती, हे लक्षात घेतले की या मुलखाच्या नकाशात वाटांना आणि घाटांना एवढे महत्त्व का, ते उलगडते.

माथ्यावरून पाहणाऱ्यांमागून साखळी घेऊन महसुलाचे मोजणीदार आले. निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना केली, त्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची मोजणी निजामाच्या राज्यात हळूहळू पसरली. साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. या हिशेबात डोंगराला जागा नव्हती. उताराचा, खडकाळ, नांगर न चालणारा भाग 'पोटखराबा' म्हणून वजा झाला, कारण त्यावर सारा बसत नव्हता. या एका शब्दाने बालाघाटाचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. ज्या माथ्यावर पाऊस मुरतो आणि खालच्या विहिरींना पाझर फुटतो, तो माथा कागदोपत्री खराब ठरला. खराब ठरलेल्याला धनी नसतो. झाड तोडले, मुरूम उपसला, माती वाहून गेली तरी सातबाऱ्यावर फरक पडत नाही. सरकारला धान्याचा कर हवा होता, तेव्हा त्याने जमीन धान्याच्या मापाने मोजली, हे समजण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतरही आपण तेच माप तसेच पुढे चालवले, हे समजण्यासारखे नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. टोपोशीट नसते तर पाणलोटाचे एकही काम करता आले नसते. मग तिच्यावर पाणी न पाहिल्याचा आरोप कसा? हे खरेच आहे, की विसाव्या शतकात समोच्च रेषांचे रंगीत नकाशे निघू लागले तेव्हा डोंगराचा आकार पहिल्यांदा कागदावर नेमका उतरला. त्यांत विहिरींच्या खुणा आहेत; बांधीव विहीर वेगळी, कच्ची वेगळी. एक गोष्ट तर थक्क करणारी आहे. या नकाशांच्या रिवाजाप्रमाणे बारमाही पाणी निळे दाखवतात आणि कोरडे पात्र काळे. बालाघाटाचे पत्रक उघडले की काळ्या रेघांचे जाळे डोळ्यांत भरते. निळा रंग शोधावा लागतो. दुष्काळाचे इतके बोलके चित्र शब्दांतही सापडणार नाही. तेव्हा नकाशाने पाणी पाहिले नाही असे माझे म्हणणे नाही. त्याने पृष्ठभागावरचे पाणी पाहिले, आणि ते नाही हेही प्रामाणिकपणे नोंदवले. पण 1:50,000च्या पत्रकावर दोन समोच्च रेषांमध्ये साधारण 20 मीटरांचे अंतर असते. खजाना बावडीच्या बोगद्याचा सगळा संसार अशा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत मावून जातो. ज्या उतारावर शेताचे पाणी ठरते तो उतार त्या नकाशाच्या चिमटीत येतच नाही. म्हणूनच सलग समतल चर खणणारी गावकरी मंडळी टोपोशीटवर विसंबत नाहीत. ती ए-फ्रेम किंवा पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर घेऊन उतारावर उतरतात आणि दोन्ही टोकांचे पाणी सारखे होईपर्यंत सरकत राहतात. खजाना बावडीच्या काळातली विद्या प्लॅस्टिकच्या नळीतून परत येते ती अशी. पाणलोटाच्या कामांतल्या 'माथा ते पायथा' या घोषणेचा अर्थही तोच आहे: जिथे पोटखराबा लिहिला होता तिथून सुरुवात करायची.

1972च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि महाराष्ट्राची विभागणी दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत झाली. सरहद्दी बाजूला ठेवून पाण्याच्या दुभाजकावर काढलेला हा नकाशा, दोन मोजण्यांना जोडणारा खरा दुवा होता. पण त्याच काळात छिद्र पाडणारी यंत्रेही आली, आणि खणणे नकाशाच्या कितीतरी पुढे धावले. जुनी विहीर खोदताना वडार किंवा बेलदार सुतकी-छिन्नीने थर न् थर उतरत असे आणि यारीने वर येणारा प्रत्येक दगड सगळ्यांना दिसे: आधी मुरूम, मग जाळीदार मांजऱ्या, मध्ये गेरूचा लाल पट्टा, खाली काळा पाषाण. कुठल्या थराला पाणी लागले हे अख्ख्या गावाला माहीत असे. बोअर मारताना वर येते ते फक्त पीठ. वर्षाअखेरीस विहीर आटली की तिच्या तळाशी यंत्र उतरवून आडवे बोअर मारतात. दिशा पाणाड्या सांगतो किंवा अंदाजाने ठरते. खजाना बावडीतही पाणी आडवेच येते. फरक एवढाच की तो बोगदा उताराचा हिशेब करून काढला होता आणि सगळ्यांसाठी होता. हे आडवे बोअर शेजारच्या बांधाखाली कुठवर गेले, हे खणणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याला खाणकाम म्हणणे अतिशयोक्ती आहे, पाणी तर दर पावसाळ्यात भरून येते, असे कोणी म्हणेल. मुरमातले आणि मांजऱ्यातले पाणी भरून येते, हे बरोबर. पण काळ्या पाषाणाच्या भेगांत खोलवर साठलेले पाणी भरायला किती पावसाळे लागतात, हे पाहिले की खाणीचा शब्द जड वाटत नाही. जे काढले ते आपल्या हयातीत परत येत नसेल तर ते खनिजच झाले. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने शेतीसाठी आणि कारखान्यांसाठी 60 मीटरांहून खोल विहिरींना बंदी केली, यामागे हेच भान आहे. कायदा खोलीचे माप सांगतो. ते कोणत्या गावात कोणत्या थरापर्यंत पोचते हे दाखवणारा गावनकाशा मात्र तलाठ्याच्या दप्तरात नाही. तिथे गट नंबर आहेत, बांध आहेत, पोटखराबा आहे. कोळशाच्या खाणीत एक फूट बोगदा पुढे गेला तरी आराखड्यावर चढतो. बीडमध्ये शेकडो फूट खणले जाते आणि कागदावर त्याची एक रेघ उमटत नाही.

ती रेघ उमटवणे अवघड नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशे काढण्यावरची बहुतेक बंधने उठवली आहेत आणि टोपोशीट आता कोणालाही मिळते. भूजल यंत्रणेची माणसे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये ठरावीक निरीक्षण विहिरींवर जातात, काठावरून फीत सोडतात आणि पाण्याला टेकली की आकडा लिहितात. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर: उसाशाच्या तोंडाशी उभे राहून बावडी खणणाऱ्यांनी मोजलेले तेच अंतर. गावात असल्याच तर अशा एक-दोन विहिरी असतात. बाकीच्या शेकडोंच्या काठावर फीत कोणी सोडत नाही. प्रत्येक विहिरीची खोली, पाणी लागलेला थर, आडव्या बोअरची दिशा आणि मे महिन्यातली पातळी, एवढ्या चार गोष्टी गट नंबराशेजारी लिहिल्या गेल्या तर 47 एन/13च्या कोऱ्या पट्ट्यांत काय आहे ते बीडला पहिल्यांदा कागदावर दिसेल.